स्वस्त दुनळी आणि मालकाचा शब्द

भात पोटरीत आले की मसुरे, पोईप, चिंदर या पट्ट्यात रात्रीची राखण सुरू होते. ठासणीच्या बंदुकीवर वर्षानुवर्षे भागवलेला शेतकरी याच दिवसांत दुनळीची चौकशी करू लागतो, आणि त्यात नवल काही नाही. ठासणीचा एक बार निघाला की पुन्हा दारू ओता, चिंधी कोंबा, छर्रे सोडा, गजाने ठासा, केप बसवा. हे सगळे अंधारात, डासांत आणि बहुधा पावसात. तोवर डुकरांचा कळप बांध ओलांडून पलीकडच्या कुणग्यात शिरलेला असतो. दुनळीत दोन काडतुसे तयार असतात, म्हणून ती हवीशी वाटते. चांगली नवी दुनळी मात्र भाताच्या उत्पन्नावर परवडत नाही. मग नजर वळते ती मुंगेरकडच्या कारखान्यांतल्या साध्या बनावटीकडे, नाहीतर ज्या घरातले मुलगे मुंबईत स्थायिक झाले त्या घरातल्या, आजोबांच्या वेळच्या जुन्या बंदुकीकडे. घ्यायची की नाही हे ठरते ते तशीच बंदूक ज्याच्याकडे आहे त्याला विचारून. उत्तरही ठरलेले असते : ‘‘बरी आसा, कायच त्रास नाय.’’ या उत्तरावर विसंबून पैसे मोजू नयेत, असे माझे म्हणणे आहे. मालक खोटे बोलतो म्हणून नव्हे. त्याला जे विचारले जाते ते त्याला सहसा ठाऊकच नसते, म्हणून.

आधी कायद्याचे कुंपण पाहून घेऊ, कारण कोणती बंदूक घ्यावी हा प्रश्न त्या कुंपणाच्या आतच उभा राहतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 शेती संरक्षणासाठी मुळात ठासणीच्याच बंदुकीचा विचार करते. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. तिची नळी किमान 20 इंच हवी. म्हणजे दुनळी हवी असेल तर ठासणी का पुरत नाही हे अर्जात नीट लिहावे लागते. पिकाचे क्षेत्र, जंगलाची हद्द किती जवळ आहे, नुकसानीचे पंचनामे, हे सगळे तिथे कामी येते. नळीत आतून पीळ असलेली रायफल ही आणखी वेगळी गोष्ट, आणि शेतीसाठी ती मिळेल असे धरून चालू नये. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 ची दुरुस्ती झाल्यापासून हौसेची शिकार सरसकट बंद आहे. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे; ते उभ्या पिकाचे नुकसान करत असेल तरी मारण्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. दोडामार्ग तालुक्यात 2002 पासून येऊ लागलेल्या हत्तींबद्दल तर बोलायलाच नको. या दोघांसमोर बाराबोरची बंदूक कायद्यानेही चालत नाही आणि व्यवहारानेही, कारण छर्र्यांनी जखमी झालेला गवा मरत नाही, तो चवताळतो आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत कामाला आलेल्या माणसांच्या वाटेत उभा राहतो.

दुनळी रायफल स्वस्तात मिळते असे ऐकून काही जण हुरळतात. परदेशात राहणारा एखादा नातेवाईक तिच्याविषयी भरभरून बोलतो, किंवा एखाद्या जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यात ती पाहिलेली असते. आपल्या किनारपट्टीवर तिचे काम नाही. पण ती स्वस्त का होऊ शकत नाही हे समजून घेतले, तर साध्या दुनळीविषयीही बरेच कळते. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या की उजव्या नळीचा बार काढताना बंदूक किंचित उजवीकडे वळते, डाव्या नळीचा काढताना डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून दोन्ही नळ्या समांतर न ठेवता पुढच्या टोकाला एकमेकींकडे अगदी थोड्या झुकवून जोडाव्या लागतात, म्हणजे ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एका जागी पडतात. हा झुकाव कागदावर गणित करून ठरत नाही. कारागीर बार काढून बघतो, टोकाकडचे झाळकाम वितळवतो, नळी केसभर सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो. हे सगळे एकाच प्रकारच्या काडतुसासाठी. काडतूस बदलले, वेग बदलला, की जुळणी बिघडली. इंग्लंडमधल्या नामांकित दुनळी रायफली इतक्या महाग असण्यामागे नक्षीकामापेक्षा हा वेळ अधिक आहे. रशियातल्या इझेव्हस्कच्या कारखान्याने बैकल नावाने काढलेल्या स्वस्त एमपी-221 मध्ये या कामाला फाटा देऊन नळ्यांच्या तोंडाशी स्क्रूची सोय केली. जुळणी मालकाने स्वतःच करावी. त्यामुळे एकाच मॉडेलविषयी दोन मालकांची मते टोकाची असतात. एकाने एका प्रकारच्या काडतुसावर धीराने जुळवणी केलेली असते, दुसऱ्याने दुकानात मिळाली ती काडतुसे घातलेली असतात. बंदूक तीच, मते दोन, आणि दोन्ही मते मुळात बंदुकीविषयी नाहीतच.

गुळगुळीत नळीच्या दुनळीत हा काटेकोरपणा थोडा सैल चालतो, कारण छर्रे पसरतात आणि पसरताना चूक झाकून घेतात. झाकून घेतात हाच मुद्दा आहे. वीस पावलांवर उभ्या असलेल्या डुकराला उजव्या नळीचा बार लागला, एवढ्यावरून ‘बंदूक अचूक आहे’ असे मालक सांगतो. पण वीस पावलांवर वाकडी नळीही डुकराला लागते. चाळीस पावलांवर डाव्या नळीचे छर्रे कुठे जातात हे त्याने पाहिलेले नसते, कारण डावी नळी तो क्वचितच वापरतो. पहिल्या बारालाच कळप पांगलेला असतो. मोठ्या छर्र्यांच्या एल.जी. काडतुसात तर छर्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. तिथे नळी हातभर बाजूला मारत असेल तर एकही छर्रा लागत नाही, आणि दोष दिला जातो अंधाराला.

मालकाचे मत कच्चे असण्याची दुसरी कारणे अधिक साधी आहेत. शेती संरक्षणाची बंदूक वाजते किती? परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते, प्रत्येक काडतुसाला पैसे पडतात, आणि बहुतेक रात्री डबा वाजवून, बॅटरी मारून किंवा फटाका लावून काम भागते. अशा वापरात दहा वर्षांची ‘अनुभवी’ बंदूकसुद्धा प्रत्यक्षात फार थोडे बार काढलेली असू शकते. स्वस्त दुनळीचे दोष मात्र बारांच्या संख्येबरोबर वाढत जातात. बिजागर हळूहळू झिजते, चापाला अडवून धरणारे दात गुळगुळीत होतात, पिनेचे टोक बोथट होते. जी वस्तू कपाटात अधिक आणि हातात कमी असते तिच्या टिकाऊपणाविषयी मालकाची ग्वाही कशी धरायची? शिवाय जिच्यासाठी कचेरीचे हेलपाटे घातले, पोलीस पडताळणी झेलली, पदरचे पैसे घातले, ती वस्तू वाईट आहे हे चारचौघांत कबूल करणे माणसाच्या जिवावर येते. तीच विकायची असेल तर प्रश्नच मिटला. ज्यांच्या बंदुका खरोखर निकामी झाल्या त्यांचा आवाज तर या चौकशीत येतच नाही. त्यांनी त्या जमा केलेल्या असतात, मोडीत काढलेल्या असतात, किंवा परवान्याचे नूतनीकरणच सोडून दिलेले असते. उरतात ते समाधानी. मग समाधानींच्या मतांची बेरीज करून आपण बंदुकीला पास करतो.

मग विचारायचे काय? मत विचारू नका, घडलेले विचारा. एकूण किती बार काढले? डाव्या नळीतून किती? कोणती काडतुसे वापरली, डब्यावर लांबी काय लिहिली होती? कधी बार फुसका गेला का, आणि गेला तो कोणत्या नळीचा? एक चाप ओढताना दोन्ही बार एकदम सुटले का? दुरुस्तीला कधी दिली, कोणाकडे, काय बदलले? या प्रश्नांना प्रामाणिक माणूसही अडखळतो, आणि त्याचे अडखळणे ‘बरी आसा’पेक्षा अधिक माहिती देते. यातले दोन्ही बार एकदम सुटण्याचे उत्तर ‘हो, एकदा झाले होते’ असे आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. झटक्याने दुसरा चाप सुटतो याचा अर्थ आतले दात झिजले आहेत किंवा कोणीतरी चाप हलका करण्यासाठी ते घासले आहेत. चाप हलका लागतो म्हणून ‘मऊ चालते’ असे कौतुक करणारे मालक असतात. त्या कौतुकाइतकी धोक्याची खूण दुसरी नाही.

यापुढचे उत्तर बंदूकच देते. ती नीट पाहायला फार विद्या लागत नाही, वेळ आणि दिवसाचा उजेड लागतो. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः उघडून खात्री करावी आणि मगच पुढे जावे. मालकाने ‘रिकामी आसा’ म्हटले यावर विसंबू नये. बंदूक बंद असताना वरची चावी कुठे थांबते ते पाहा. नव्या, घट्ट बसणाऱ्या दुनळीत ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे राहते. वापराने झीज होत जाते तशी ती मध्यावर येते, आणि मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर खिट्टी झिजत आली आहे असे समजावे. मग नळ्यांखालचा लाकडी हातधरा काढून, बंदूक बंद ठेवून, नळ्या एका हाताने आणि दस्ता दुसऱ्या हाताने धरून हलवून पाहावी. टकटक जाणवली तर बिजागर सैल आहे. हातधरा लावलेला असताना हीच टकटक दबून जाते, म्हणून विकणारा तो काढायला कांकू करतो. नळीचे बूड आणि समोरची पोलादी भिंत यांच्या मधून खिडकीचा उजेड दिसतो का तेही पाहावे. दिसत असेल तर बार निघताना काडतुसाचे बूड मागे सरकायला जागा आहे, आणि तिथूनच कधीतरी गरम वायू तोंडावर येतो.

नळ्या पूर्ण सोडवून, बिजागराच्या आकड्याला बोट घालून टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच ठोकाव्यात. पितळी भांड्यासारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचे झाळकाम शाबूत आहे. आवाज भद्द आला किंवा आत काहीतरी झणझणल्यासारखे वाटले, तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. ही एक चाचणी आपल्या किनाऱ्यावर इतर सगळ्या चाचण्यांपेक्षा मोलाची आहे, कारण सुटलेल्या पट्टीखाली पाणी जाते, खारट हवा जाते, आणि नळी बाहेरून काळीभोर दिसत असताना आतल्या बाजूने कुजत राहते. नळ्या उजेडाकडे धरून आतून पाहाव्यात. स्वच्छ नळीत उजेडाची वर्तुळे अखंड दिसतात. जिथे वर्तुळ मोडते तिथे पोचा आहे, जिथे काळे ठिपके दिसतात तिथे गंजाने खड्डे पाडले आहेत. तोंडाजवळचे चार खड्डे एक वेळ चालतील. काडतूस बसते तिथले आणि त्याच्या पुढच्या वीतभर भागातले खड्डे चालणार नाहीत, कारण सगळा दाब तिथेच असतो. शेवटी टेपने नळीची लांबी मोजा आणि तोंडाशी पट्ट्या दोन्ही नळ्यांना शेवटपर्यंत चिकटलेल्या आहेत का ते बघा. कुजलेले किंवा फुगलेले तोंड करवतीने कापून टाकलेल्या बंदुका बाजारात फिरतात. नळी कापणे परवानगीशिवाय केले तर शस्त्र कायद्याने गुन्हा आहेच. त्यावर कापल्याने तोंडाची निमुळती घडण नाहीशी होते आणि छर्रे भलतेच पसरतात.

‘जुनी विलायती ती जुनी विलायती’ असे म्हणणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा गट आहे, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधल्या लिएजच्या चांगल्या कारागिरांनी केलेल्या दुनळीची जुळणी पाहिली की आजची साधी बनावट थोडी ओबडधोबड वाटते. शिवाय तिथे नळ्या विकण्याआधी जादा दाबाच्या काडतुसांनी तपासून छाप मारण्याची पद्धत जुनी आहे. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह 1813 पासून हे करते. पण छाप आहे एवढे पुरत नाही, तो कशाचा आहे हे पाहावे लागते. काळ्या दारूसाठी तपासलेली नळी आजच्या धूररहित दारूच्या काडतुसासाठी तपासलेली असेलच असे नाही. लोखंड आणि पोलाद पिळून केलेल्या, अंगावर लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या नळ्या तर नव्या काडतुसांसाठी वापरूच नयेत. त्या सुंदर असतात आणि सौंदर्यापुरत्याच ठेवाव्यात. त्याहून फसवी गोष्ट काडतुसाच्या घराच्या लांबीची. जुन्या कित्येक विलायती दुनळ्यांचे घर अडीच इंचांच्या, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी आहे. 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, कारण डब्यावरची लांबी ही काडतूस वाजून तोंड उघडल्यानंतरची असते. बसले म्हणून ते योग्य ठरत नाही. तोंड उघडायला पुढे जागा नसते, वाट चिंचोळी होते, दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे आपल्याकडे सर्रास वापरली जातात. घेताना डब्यावरची लांबी वाचावी आणि घर कारागिराकडून मोजून घ्यावे. आजोबांनी चाळीस वर्षे वापरली हा पुरावा आजोबांच्या काडतुसांपुरता आहे.

मुंगेरच्या बंदुकांविषयी उलट पूर्वग्रह आहे. नवाब मीर कासिमच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, तिथे बंदुका घडवल्या जातात आणि परवानाधारक कारखाने आजही एकनळी-दुनळी बनवतात. बेकायदा गावठी शस्त्रांमुळे त्या गावाचे नाव बदनाम झाले, त्याचा डाग कायदेशीर मालावरही पडतो. माझ्या मते हे अन्यायाचे आहे. पण त्या मालाचा दर्जा नगागणिक कमीजास्त असण्याची शक्यता गृहीत धरावी हेही तितकेच खरे. हाताने बसवलेल्या स्वस्त बंदुकीत एका नगाचा दर्जा दुसऱ्याला लागू होत नाही. म्हणून ‘त्या कंपनीची चांगली असते’ हे वाक्य इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. समोरचा नग चांगला आहे का, एवढाच प्रश्न.

आणि जागेचाही फरक पडतो. घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या पाहुण्याने आपल्या दुनळीला वीस वर्षांत गंज लागला नाही असे सांगितले तर ते खरे असू शकते; पण त्याची हवा कोरडी. मालवण-आचऱ्याच्या पट्ट्यात चार महिने भिंतींना ओल असते आणि उरलेले आठ महिने खारा वारा. स्वस्त बंदुकीवर काळा लेप पातळ असतो, लाकूड पुरते वाळलेले नसते, आतल्या स्प्रिंगांना संरक्षण जवळपास नसते. पावसाळ्यात दस्त्याचे लाकूड फुगते, चाप जड होतो. उन्हाळ्यात तेच आकसते आणि स्क्रू सैल पडतात. बंदूक चामड्याच्या किंवा लोकरीच्या कव्हरात घालून माळ्यावर ठेवण्याची जी पद्धत आहे ती तर गंजाला निमंत्रणच आहे, कारण कव्हर ओल धरून ठेवते. बंदूक कुलूपबंद कपाटात उघडी, पातळ तेल लावलेली, भिंतीपासून सुटी ठेवावी. पावसाळ्यात आठवड्याला आणि हाताळल्यावर दरवेळी ती पुसावी, कारण हाताचा घामही खाराच. ज्यांच्याकडे ठासणीचीही बंदूक आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की काळ्या दारूची राख ओल ओढून घेते. तिला नुसते तेल लावून चालत नाही, गरम पाण्याने नळी धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल द्यावे लागते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की मालकाचे ऐकायचे नाही, तर ऐकायचे कोणाचे? दुकानदार विकायला बसलेला, कारागीर दुरुस्ती काढायला बसलेला. आक्षेप रास्त आहे. पण कारागिराचा स्वार्थ उघड असतो आणि तो दाखवतो ते तुम्हाला डोळ्यांनी तपासता येते : सैल बिजागर त्याने दाखवले तर ते सैल आहे की नाही हे तुमच्याच हाताला कळते. मालकाचे ‘चांगली आहे’ तपासायला काहीच हाती लागत नाही. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती बिघडलेल्या बंदुका येतात, म्हणजे मालकांच्या मतातून गळून गेलेला नेमका तोच हिस्सा त्याच्यासमोर असतो. कोणत्या बनावटीचे काय मोडते, हे त्याला विचारावे. कोणती घ्यावी, हे विचारू नये. मात्र तो दुरुस्तीचा परवाना असलेला हवा. गावातल्या लोहाराकडून पिन ठोकून घेणे बेकायदा आहे आणि जिवावरचेही.

दुसरा आक्षेप : आम्हाला कुठे नेमबाजी करायची आहे, नुसता आवाज हवा. हा आक्षेप मनापासून असेल तर उत्तर सरळ आहे, दुनळी घेऊच नका. आवाजासाठी दोन नळ्या, दोन चाप, दोन पिना आणि मधले नाजूक झाळकाम यांवर पैसे कशाला घालायचे? तेवढ्याच पैशांत एकनळी अधिक मजबूत मिळते, कारण तिच्यात बिघडायला जागाच कमी. स्वस्त दुनळी आणि बऱ्यापैकी एकनळी यांत निवड आली तर बहुतेक बागायतदारांनी एकनळी घ्यावी, असे मी म्हणेन. दुसरा बार तयार असण्याचा फायदा खरा आहे. पण तो दुसरा बार भरवशाचा असेल तरच. माकडांसाठी तर कोणतीच बंदूक घेऊ नये. नारळीच्या शेंड्यावरच्या माकडाकडे रोखलेला बार हा कायद्याचा भंग, वाडीतल्या कौलांवर छर्र्यांचा पाऊस आणि शेजाऱ्याशी भांडण, असे तिन्ही एकदम साधतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एवढी तपासणी करू द्यायला विकणारा थांबेल का? इथे कायदाच खरेदीदाराच्या मदतीला येतो, फक्त कोणी तसे पाहत नाही. खासगी परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर कलम 5 प्रमाणे त्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला, घेणाऱ्याच्या नावागावासह, लेखी कळवावे लागते, आणि कळवल्यापासून किमान 45 दिवस गेल्याशिवाय व्यवहार पुरा करता येत नाही. लोक हे दिवस ओरोसच्या जिल्हा कचेरीच्या वाऱ्या मोजत घालवतात. खरे तर ती पाहणीची मुदत आहे. या दिवसांत मालकाला सोबत घेऊन बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवावी. बंदूक मालकाच्याच ताब्यात राहते, म्हणून त्याने बरोबर येणे आवश्यक. नळीवरचा क्रमांक त्याच्या परवान्यावरच्या क्रमांकाशी अंकागणिक जुळवावा. खोडलेला किंवा नव्याने ठोकलेला क्रमांक दिसला तर किंमत कितीही उतरली तरी मागे फिरावे. जमल्यास मान्यताप्राप्त रेंजवर, मालकाच्या हातूनच, प्रत्येक नळीचे तीन-तीन बार तीस पावलांवरच्या मोठ्या कोऱ्या कागदावर काढून घ्यावेत, दोन्ही नळ्यांना एकाच डब्यातली काडतुसे आणि प्रत्येक बाराला नवा कागद. उजव्या आणि डाव्या नळीच्या कागदांवर छर्र्यांचा दाट भाग साधारण एकाच ठिकाणी आला पाहिजे. वाजलेल्या काडतुसांच्या टोप्यांवरचे पिनेचे ठसेही पाहावेत : मध्यावर आणि खोल हवेत. एका बाजूला सरकलेला, उथळ ठसा म्हणजे पहिल्या पावसाळ्यात फुसका जाणारा बार. विसाराचा कागद करताना ‘तपासणीत दोष निघाल्यास रक्कम परत’ एवढे एक वाक्य घालून घ्यावे. जो विक्रेता या वाक्याला नकार देतो त्याने आपल्या बंदुकीविषयीचे मत, न विचारता, दिलेले असते.

घेतल्यानंतरची एक गोष्ट राहिली, ती मालकांच्या मतांना कसे वळण मिळते हे चांगले दाखवते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचा प्रश्न येतो. जिल्ह्यात त्यासाठी छाननी समिती असते आणि पिकाचे नुकसान दाखवून सूट मागता येते. अर्ज वेळेत करावा. जमा करावीच लागली तर नळ्यांत आतून-बाहेरून तेल देऊन द्यावी आणि पावतीवर क्रमांकाबरोबर बंदुकीची स्थितीही लिहून घ्यावी. परत आल्यावर ती थेट शेतावर नेऊ नये. आधी उघडून दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहावे. महिना-दीड महिना पडून राहिलेल्या नळीत, ती ठाण्यात असो की घरच्या माळ्यावर, कुंभारमाशीला घर बांधायला आयती जागा मिळते; तर्जनीच्या पेराएवढा मातीचा गोळा, वाळून दगडासारखा झालेला. त्यावर बार काढला की उत्तम बनावटीची नळीही फुगते किंवा फाटते. मग त्या बंदुकीची बातमी वाडीत पसरते, ‘त्या कंपनीची नळी फुटता’ म्हणून, आणि पुढच्या हंगामात कोणी चौकशी करत आला की त्याला हेच सांगितले जाते. मातीच्या गोळ्याचा उल्लेख त्यात नसतो.